चाळणीवर राहिलेलं

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाहुणे आले की त्यांना पुढच्या खोलीत नेतात. तिथे काचेच्या नळ्या असतात, रंग बदलणारी द्रावणं असतात आणि पांढरा कोट घातलेली माणसं असतात. मागच्या खोलीत कुणी पाहुण्याला नेत नाही, कारण तिथून परत आलेला पाहुणा दिवसभर शिंकतो. त्या मागच्या खोलीत तेवीस वर्षं एकच बाई काम करत होती. तिचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळे तिला चाळणीमावशी म्हणत.

काम दिसायला सोपं होतं. पिशवीतून आलेली माती जुन्या वर्तमानपत्रावर पसरायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात वाळवलेली तिला चालायची नाही. ढेकळं फोडायची ती लाकडी मोगरीने, कारण लोखंडाचा कण मातीत उतरला तर पुढचे आकडे खोटं बोलतात. मग मातीची गोल भाकरी थापून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, पुन्हा चार भाग करायचे, असं करत पसाभर उरली की चाळायची. खाली पडलेली माती पुढच्या खोलीत जायची. चाळणीवर राहिलेलं फेकून द्यायचं, असा नियम होता.

मावशी तेवढा एक नियम मोडायची. चाळणीवर खडे, मुळं, काटक्या राहायच्या, त्या ती फेकायची. पण कधी कधी वेगळंच काही राहायचं. तुटकी बांगडी, पेन्सिलीचा तुकडा, खेळण्यातल्या गाडीचं चाक. पहिल्यांदा असं चाक सापडलं तेव्हा तिला वाटलं, कुणाचं तरी लेकरू रडत असेल, विचारायला येतील. कागदाची पुडी बांधून वर नमुन्याचा क्रमांक लिहून ठेवली. कुणी विचारायला आलं नाही. पण सवय लागली ती लागलीच. नवरा शिंपी होता. त्याच्याकडून बटणांचा एक रिकामा पत्र्याचा डबा तिने मागून आणला आणि पुड्या त्यात टाकत गेली. नवरा म्हणायचा, "लोक पैसा साठवतात, माझी बायको कचरा साठवते." ती म्हणायची, "तुमचा डबा रिकामा होता, मी भरला. उपकार माना."

आता त्या डब्यात सगळ्यात जास्त पुड्या कुठल्या असाव्यात? तिच्या माहेरच्या गावच्या.

माहेर उतारावर होतं. वर टेकडी, टेकडीच्या अंगावर शेतं, आणि सगळ्यांच्या पायथ्याशी तळं. गाव त्या तळ्याचं पाणी पीत होतं. दर दोन वर्षांनी गावातून मातीच्या पिशव्या यायच्या आणि दर वेळी निकाल उत्तम लागायचा. नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, सेंद्रिय कर्ब तर विचारू नका. गावकरी ते कागद काचेत बसवून घराच्या दर्शनी भिंतीवर टांगायचे, पोरगी पहिली आल्यासारखे. आणि त्याच गावात पीक मात्र दर वर्षी वीतभर खुजं होत चाललेलं. निकाल इतका चांगला आणि पीक असं, म्हणजे खतच भेसळीचं असणार, असं ठरवून लोक दर वर्षी एक पोतं वाढवायचे.

मावशीला कारण ठाऊक होतं. पिशवीत हात घातला की कळायचं. ती माती काळी, भुसभुशीत, किंचित राखेच्या वासाची असायची. शेताच्या मधोमध अशी माती नसते. ती असते उकिरड्याच्या कडेला. गावाने तपासणीला परीक्षा समजून टाकलं होतं, आणि परीक्षेत कोण आपली खरी अक्कल दाखवतो? जो तो घरामागच्या उकिरड्याजवळ जायचा, उत्तमातली उत्तम माती उचलायचा आणि वर 'टेकडीचं शेत' असं लिहून पाठवायचा. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात. या गावच्या उकिरड्यांची तर अशी फिटली होती की त्यांना सही-शिक्क्याची प्रमाणपत्रं मिळत होती.

मग ती बोलली का नाही? एकदा बोलली होती. तेव्हाच्या साहेबांना तिने सांगितलं, "साहेब, ही शेतातली माती नाही." साहेब मान वर न करता म्हणाले, "मावशी, चाळणं तुमचं काम. बोलणं माझं." झालं. त्यानंतर ती बारा वर्षं मूग गिळून बसली. बारा वर्षांत साहेब बदली होऊन गेले, पण ते वाक्य तिच्या टाळूला चिकटून राहिलं.

आणि मग तळं हिरवं झालं.

आधी काठाला हिरवी साय आली. मग ती पसरत मधोमध गेली. एका सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले आणि वास थेट शाळेपर्यंत पोचला. तळ्याच्या दाराची राखण मावशीच्या धाकट्या भावाकडे होती. त्याच्या आधी ती बापाकडे होती. तळ्यात एक दगडी बुरूज होता, त्याच्या आत पाणी सोडायचं लोखंडी दार, आणि ते दार उघडायची हातभर लांब किल्ली. बुरुजाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. बापाने दोघांनाही लहानपणी शिकवलं होतं : पाण्यातून सातवी पायरी दिसली तर तान्ह्या पोरालाही पाजा, चौथी दिसली तर गुरांना द्या, एकही दिसली नाही तर दाराला हात लावू नका.

त्या वर्षी एकही पायरी दिसेना. भावाने दार उघडलं नाही. गावाला टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं आणि रांगेत उभं राहिलेल्या माणसाला कुणीतरी दोषी लागतोच.

भाऊ एका रविवारी बहिणीकडे आला. ताटातला घास त्याने नुसता इकडून तिकडे केला.

"ताई, किल्ली काढून घेणार आहेत माझ्याकडून."

"का म्हणून?"

"म्हणतात, मी काठ साफ ठेवला नाही. मी गुरं आत सोडली. मी झोपा काढल्या. पंधरा दिवसांनी शाळेत सभा आहे. तळं बंद करायचं, बुजवायचं, आणि मला काढायचं."

"आणि वरच्या शेतातून पावसाबरोबर काय काय वाहून येतं, ते कुणाला दिसत नाही?"

"मी तेच म्हणालो. तर गावसमितीच्या अध्यक्षांनी कागद काढले. बारा वर्षांचे." भावाने मान खाली घातली. "म्हणाले, शेतातला कस शेतातच आहे, हा बघ पुरावा. तुझ्याच प्रयोगशाळेचा शिक्का आहे, ताई. मी काय बोलणार?"

मावशीच्या हातातला भात वाढायचा डाव तसाच राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर तिने स्वतः वळलेला. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने राग भावावर काढला.

"आणि तुझ्या शेतातली माती तू कुठून भरलीस रे, शहाण्या?"

"शेतातूनच."

"तुझ्या शेतात मासे पिकतात का?"

तिने आतून डबा आणला, एक पुडी शोधली आणि त्याच्या ताटाशेजारी उलटी केली. आत मासे पकडायचा गंजका गळ होता. भावाचे कान लाल झाले.

"सगळेच उकिरड्याजवळची देतात, ताई," तो पुटपुटला. "माझंच शेत नापास झालं असतं तर बरं दिसलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी डबा घेऊन थेट मॅडमच्या टेबलापाशी गेली. या मॅडम वर्षभरापूर्वी आलेल्या, वयाने तिच्या मुलीएवढ्या, बोलायला तिखट. मावशीने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे. पण हे मला गिळवत नाही आता."

मॅडम आधी चिडल्या. चांगल्याच चिडल्या. "बारा वर्षं, मावशी! बारा वर्षं आपण उकिरडे तपासतोय!" मग एकेक पुडी उघडत गेल्या, आणि तिसऱ्या-चौथ्या पुडीनंतर त्यांचा चेहरा बदलला. "प्रत्येकीवर क्रमांक आहे?"

"क्रमांकाशिवाय मी काही ठेवत नाही."

"मग बस आहे किती वाजता?"

दोघी गेल्या. भावाच्या शेतात मावशीने स्वतः कुदळ धरली. नागमोडी चालत पंधरा ठिकाणी वीतभर खड्डा केला आणि प्रत्येकाच्या भिंतीवरून मातीचा एक काप घेतला. माती फिकट होती, मुठीत धरली तर धरवत नव्हती. मग भावाने होडी काढली आणि ओढा तळ्याला मिळतो तिथला गाळ बादलीने काढला. तो काळाभोर होता, लोण्यासारखा. मावशीने बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळला. ही माती तिने बापाच्या शेतात लहानपणी पाहिली होती. ती कुठे गेली म्हणून इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

नमुने सावलीतच वाळले. घाई होती तरी तिने उन्हात ठेवले नाहीत. सभेच्या आदल्या दिवशी आकडे आले. मॅडम ते घेऊन मागच्या खोलीत आल्या, तीन वेळा शिंकल्या आणि म्हणाल्या, "मावशी, उद्या तुम्ही बोलायचं. मी नंतर."

"मी? मी काय बोलणार?"

"चाळणीवरचं तुम्हीच पाहिलंय. मी नाही."

शाळेचा सगळ्यात मोठा वर्ग गच्च भरला होता. अध्यक्षांनी फळ्याखाली काचेत बसवलेले निकाल ओळीने मांडले होते. माणूस वाईट नव्हता. आवाज मोठा, अंगावर इस्त्रीचे कपडे, आणि आपण कधी चुकत नाही यावर ठाम विश्वास. बोलताना मात्र ओठ जरा मिटूनच बोलायचे. त्यांच्यासमोर टेबलावर ती किल्ली ठेवलेली होती.

"ही आपली माती," अध्यक्ष म्हणाले. "भरपूर, भरपूर, मध्यम ते भरपूर. सरकारी शिक्का आहे. म्हणजे शेतातून काही गेलेलं नाही. मग तळं का नासलं? राखणदाराची हयगय! दुसरं काय?"

मावशी उठली. डबा पोटाशी धरला होता.

"अध्यक्षसाहेब, त्या शिक्क्याच्या आधी ती माती माझ्या हातून जाते. तेवीस वर्षं मी चाळतेय. आणि बारा वर्षं मला माहीत आहे की तुमच्या गावची माती शेतातली नसते. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. पहिली माती मी खाल्ली, हे आधी लिहून घ्या. आता पुढचं ऐका."

वर्गात कुजबूज झाली. तिने डबा उघडला.

"नमुना एकशे सात. अंड्याचं कवच आणि निळं बटण. एकशे सात कुणाचा?"

भावाने काचांवरून बोट फिरवत क्रमांक शोधला. मागच्या बाकावरून एक जण कसाबसा म्हणाला, "माझा. टेकडीवरचं शेत."

"टेकडीवर तुमची कोंबडी शर्ट घालून हिंडते का?"

सगळा वर्ग फुटला. त्या हसण्यात मावशीने पोटाशी धरलेला डबा टेबलावर, किल्लीशेजारी ठेवला. मग ती थांबलीच नाही. एकशे एकतीस, बांगडीचा तुकडा. एकशे चाळीस, खेळण्यातलं चाक. एकशे त्र्याऐंशी, मासे पकडायचा गळ. "आणि हा माझ्या सख्ख्या भावाचा. त्यालाही मी सोडणार नाही." प्रत्येक पुडीला कुणीतरी मान खाली घालत होतं आणि शेजारचा त्याच्या पाठीत धपाटा घालत होता. धपाटा घालणाऱ्याची पाळी पुढच्याच पुडीला येत होती.

"दोनशे बारा," मावशी म्हणाली. "दात. म्हणजे माणसाचाच, पण दुकानात केलेला."

दोनशे बाराची काच शोधायची गरज नव्हती. ती सगळ्यात मोठ्या चौकटीत, बरोबर मधोमध होती. अध्यक्षांचा हात आपोआप तोंडावर गेला.

तेवढ्यात बायकांच्या बाकावरून त्यांची बायको उठून उभी राहिली. "अगंबाई! अहो, हा तुमचाच की! परसात चूळ भरताना गेला होता ना? मी अख्खा उकिरडा उपसला होता हो त्याच्यापायी!"

"अख्खा नाही उपसलात, वहिनी," मावशी म्हणाली. "त्यातला अर्धा किलो आमच्याकडे आला होता."

असा हशा त्या शाळेने कधी ऐकला नसेल. बाकं वाजली. एका म्हाताऱ्याला ठसका लागला, त्याला पाणी द्यावं लागलं, आणि ते टँकरचं आहे हे लक्षात आल्यावर हळूहळू हसणं थांबलं. तेव्हा मॅडम उठल्या. त्यांनी दोनच कागद वाचले. राखणदाराच्या शेताच्या मधोमधची माती : कर्ब अत्यल्प, नत्र अल्प, स्फुरद अल्प. तळ्याच्या तोंडाचा गाळ : भरपूर, भरपूर, अत्यंत भरपूर.

"तुमच्या शेताचा कस चोरीला गेलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "तो खाली जाऊन बसलाय. नांगरट उतारावरून सरळ खाली, बांध फुटलेले, आणि पावसाच्या तोंडावर पोत्यानं खत. पहिला जोराचा पाऊस येतो, वरची माती आणि खत दोन्ही उचलतो आणि तळ्यात नेऊन टाकतो. तिथे शेवाळ त्यावर पोसतं. मग ते मरून कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. मासे गुदमरतात. तुम्ही बारा वर्षं शेताला उपाशी ठेवून तळ्याला जेवण वाढताय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण तुमचा आड रिकामा नाही. फक्त जागा बदलून बसलाय. उचला आणि परत आणा."

अध्यक्ष फळ्याकडे वळले. मग त्यांनी स्वतःची ती मोठी चौकट उचलली, मागचे खिळे नखाने सरळ केले, कागद बाहेर काढला आणि घडी करून खिशात घातला. किल्ली उचलून राखणदाराच्या हातात दिली. आणि मावशीकडे वळून, ओठ न मिटता, पहिल्यांदाच फट दाखवत म्हणाले, "दात परत मिळेल का?"

"नमुना परत देत नाही, साहेब. नियम आहे."

पुढचं काम काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा गाव त्यात उतरलं. गाळ कापायचा, पाट्या भरायच्या, गाड्यांनी चढावर न्यायचा. पहिली गाडी अध्यक्षांच्या शेतात गेली, कारण ते ऐकेनात, म्हणाले, सगळ्यात मोठा खोटेपणा माझा होता. उताराला आडवी नांगरट झाली, बांध बांधले गेले, बांधांवर आणि ओढ्याकाठी दाट गवत लावलं. खत पोत्यावरून किलोवर आलं, तेही हप्त्याहप्त्याने. पहिल्या वर्षी तळं पुन्हा हिरवं झालं आणि लोकांनी कुरकुर केली. भाऊ रोज सकाळी बुरुजावर जाऊन पाण्यात बघायचा आणि बहिणीला फोन करायचा. "नाही, ताई." "उद्या बघ." दुसऱ्या वर्षी श्रावण संपता संपता तो ओरडलाच, "ताई, दुसरी!" मावशी खोलीत एकटीच होती. मोगरी खाली ठेवून तिने टाळ्या वाजवल्या.

नोकरी गेली नाही. चौकशी झाली, ठपका आला, तो तिने सही करून घेतला आणि म्हणाली, योग्यच आहे. पण आता नमुना घ्यायला प्रयोगशाळेतूनच माणूस जातो, आणि पुढच्या खोलीत, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर, तो बटणांचा डबा ठेवलेला आहे. माहेरच्या गावात तर उलटंच वेड लागलं. लोक त्या माणसाचा हात धरून शेताच्या सगळ्यात वाईट तुकड्यावर नेतात. "इथली घ्या. माझ्याइतकी भिकार कुणाची नसेल!" शेजारी म्हणतो, "चल, माझी बघ." त्या पिशव्या मावशी चाळते तेव्हा चाळणीवर खडे, मुळं आणि काटक्या राहतात. गेल्या खेपेला गांडूळ निघालं, तेही जिवंत. तिने ते ओल्या मातीत गुंडाळून बागेत सोडलं.

तिसऱ्या वर्षी भावाने फोनवर पायरीचा आकडा सांगितलाच नाही. "ताई, तू ये. बस."

ती नवऱ्याला घेऊन गेली. अख्खं गाव काठावर जमलं होतं, पण बुरुजावर भावाने कुणाला चढू दिलं नव्हतं. त्याने बहिणीला हात देऊन वर घेतलं. दोघं वाकून बघायला लागले. एक, दोन, तीन. पाणी स्थिर होतं. चार, पाच. सहावीवर एक मासा उभा होता, शेपटी हलवत. सातवी जरा फिकट होती, पण तिचा तुटलेला कोपरासुद्धा दिसत होता. लहानपणी तो कोपरा बापाच्या कुदळीने तुटला होता आणि बापाने आळ दोघांवर घेतला होता.

"आठवी पण आहे," मावशी म्हणाली.

"आठवी नाहीच आहे, ताई. सातच आहेत."

"नीट बघ. गाळाखाली होती. आपल्या बापानेही पाहिली नसेल."

भावाने पाहिलं. खरंच होती. त्याने डोळे पुसले, तिने पुसू दिले, आणि मग त्याने ती हातभर लांब किल्ली तिच्या हातात दिली. दार जड होतं, तीन वर्षं बंद होतं. तिने मोगरी धरून धरून घट्ट झालेल्या दोन्ही हातांनी जोर लावला. खालून गडगडाट झाला, आणि काठावरून आरोळी उठली ती थेट टेकडीवर जाऊन आपटली. पहिला तांब्या अध्यक्षांच्या बायकोने भरला आणि तो कुणाला द्यावा हे तिला विचारावं लागलं नाही. मावशी घटाघटा पाणी प्यायली. मग तिने पदराची गाठ सोडली, एक कागदाची पुडी काढली आणि अध्यक्षांच्या तळहातावर ठेवली.

"दोनशे बारा," ती म्हणाली. "नियम मोडतेय. आता हसायला लागेल तुम्हाला."